झालंच सिस्टर

हात हलका आणि जीभ हाताच्या दोन पावलं पुढे. सुई टोचण्याआधीच त्या म्हणत, "झालंच हं, झालंच!" त्यामुळे तीस वर्षं सगळा वॉर्ड त्यांना झालंच सिस्टरच म्हणत आला होता. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडतं, अशी त्यांची समजूत होती.

ती मोडली एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने. हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासणीसाठी रक्त द्यायला तो आला होता. त्यांनी सुई घातली, म्हणाल्या, "झालंच," आणि तो सुईसकट उठला. ट्रे उडाला. दोघा वॉर्डबॉयनी त्याला दाबून धरलं तेव्हा तो जो ओरडला, तो आवाज सिस्टरांच्या कानात तसाच राहिला. महिना झाला, तो फिरकला नव्हता. रक्ततपासणी नाही म्हणून ऑपरेशनही अडून होतं.

मग रुग्णालयाने स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, रुग्णांविषयी नर्सेसचं प्रशिक्षण ठेवलं. बोलायला आली ती नेमकी त्या घड्याळवाल्याची थोरली बहीण. सिस्टर मागच्या बाकावर अंग चोरून बसल्या.

"माझा भाऊ चिडला नव्हता," बहीण म्हणाली. "झालं म्हटलं की त्याच्या लेखी झालं. म्हणून उठला. त्याच्याशी गोड नका बोलू, खरं बोला. न सांगता हात लावू नका. आणि ती गुणगुणणारी ट्यूबलाइट तेवढी बंद करा."

तास संपल्यावर सिस्टर तिच्यापाशी गेल्या. "'झालंच' म्हणणारी ती मीच. त्याला पुन्हा एकदा आणाल?"

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला विचार ना! जन्मभर 'स्वयंपाक झालाच' ऐकत पाटावर बसलोय. मी उठलो का कधी?"

"तुम्ही उठून जाणार कुठे?" त्या हसल्या. पण रात्रभर त्यांना ती चूक सलत राहिली.

घड्याळवाला आला. दिवा बंद होता, खिडकीतला उजेड पुरेसा होता. सिस्टर म्हणाल्या, "आता दंडाला पट्टा बांधते. सुई दुखेल. वीसपर्यंत मोजेन, विसाला सुई बाहेर."

अठरा झाले तरी नळी अर्धीच भरली होती. जीभ जुन्या सवयीने वळवळली. एकोणीस जरा लांबवला तर कुणाला कळणार होतं? समोरचा माणूस आयुष्यभर सेकंद ऐकत आलेला होता.

"वीस." त्यांनी पट्टा सोडला, सुई काढली.

त्याने नळीकडे पाहिलं. "अर्धी आहे."

"हो. माझा अंदाज चुकला. पुन्हा टोचावं लागेल."

दारात उभी असलेली बहीण एक पाऊल आत आली. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताची बाही वर सारत म्हणाला,

"चाळीस मोजा. आणि हे घड्याळ दोन मिनिटं मागे आहे."