मंडईआधी दयाराम पेंटरच्या अंगणात

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! रंगाच्या डब्याच्या काठावर जसे थर आपोआप चढत जातात, तसं त्यांचं होतं. दयाराम पेंटरच्या अंगणात मी एक महिना रोज सकाळी बसलो. गेलो होतो अक्षर शिकायला आणि घरी आणले ते हे किस्से.

आधी एक कबुली देऊन टाकतो. माझं तुमसरला फ्लेक्सचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या शाळा, राइस मिल, चिखल्याची खाण कॉलनी, सगळीकडचे बोर्ड दयारामकाकांच्या हातचे. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं. तो फ्लेक्स आणणाऱ्यांत मीही एक! मागच्या वर्षी काकांना लकवा मारला. पाय सावरला, पण उजवा हात थरथरायचा तो थरथरतच राहिला. डॉक्टरांनी रोज दाबायला रबरी चेंडू दिला. काकांनी दोन दिवसांत तो फेकला. म्हणाले, "चेंडू दाबून कोणाचा बोर्ड झाला हाये का?" आणि थेट ब्रश धरला.

त्यांच्या गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्राच, दिवाळीनंतर भरते, रात्री नाटक होतं. त्या मंडईचा बोर्ड दरवर्षी काकाच लिहीत. यंदा कमिटीचे अध्यक्ष भाऊराव माझ्या दुकानात आले. "काकाचा हात हालते. गावाची इज्जत जाईन. प्रमोद, तू फ्लेक्स छाप." माझी पंचाईत झाली. मी सरळ काकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मंडईच्या आदल्या दिवसापर्यंत हात आला, तर मी लिहीन. नाही आला, तर तू छाप. तोवर रोज सकाळी येत जा, तूही शिक."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली.

*

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत 'अ' काढला. रोज कॉम्प्युटरवर शेकडो अक्षरं बसवतो, मला काय अवघड!

काकांनी चष्मा वर केला. "कोणता फॉन्ट आहे गा हा?"

मी अभिमानाने फॉन्टचं नाव सांगितलं.

"बरं. अन् तुया कोणता?"

महिनाभर मी त्याचंच उत्तर शोधतोय.

*

अंगणात आम्ही तिघं शिकायला. मी, निवृत्त शिक्षिका रामटेके मॅडम आणि तलावात मासेमारी करणारे सुखदेवभाऊ. नियम असा की रोज एकाने ऋतूतली एक वस्तू आणायची. ती मधोमध ठेवायची, नीट पाहायची आणि तिच्या वळणाने अक्षर घोटायचं. दिवस शरदाचे, वस्तूंना काय तोटा! धानाची लोंबी, कमळाचा देठ, दवाने ओलं झालेलं पळसाचं पान.

मॅडमचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेलं! लोंबी समोर ठेवून त्यांनी 'धान' लिहिलं. आम्ही वाहवा केली. काकांनी मात्र लोंबी उचलून त्या शब्दाशेजारी धरली.

"मॅडम, हे धान ताठ उभं आहे. याच्यात दाणा भराचा आहे अजून."

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या बाईला कुणी असं बोललं नसेल!  दुसऱ्या दिवशी मॅडम पहाटे उठून बांधावर गेल्या, तासभर धान पाहत उभ्या राहिल्या आणि तिथूनच आमच्याकडे आल्या. साडीचा काठ चिखलाने भरलेला. त्यांनी 'धान' लिहिलं. अक्षरं किंचित पुढे झुकली होती, वजन आल्यासारखी.

काका म्हणाले, "हाव. आता कापाले हरकत नाही."

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी इतकं ऐकून घेऊन पुन्हा पहिल्यापासून घोटणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले.

*

एकदा सुखदेवभाऊंची पाळी आली. त्यांनी टोपलीभर शिंगाडे आणले, तलावातून नुकतेच काढलेले. काका आम्हाला शिंगाड्याची दोन टोकं समजावत होते. मग ब्रश धुवायला वळले. परत आले तर टोपली निम्मी रिकामी आणि सुखदेवभाऊंच्या मांडीवर सालींचा ढीग!

"अगा, समोरची वस्तूच खाल्ली तं काढशीन काय?"

सुखदेवभाऊ तोंड पुसत म्हणाले, "काका, मले आता अंदरूनबी दिसून राहिला!"

काका इतके हसले की हातातला ब्रश पाण्याच्या डब्यात पडला.

*

याच सुखदेवभाऊंचं वळण मात्र आमच्यात सगळ्यांत देखणं. चौथीनंतर शाळा सुटली, पण हात असा फिरायचा की बघत राहावं. काका म्हणाले, "याले कोणी शिकवू नका रे! हे मनगट जाळं फेकून फेकून मोकळं झालं आहे."

झालं! दुसऱ्या दिवशी शाळा तलावावर भरली. गोल वळण यावं म्हणून आम्ही जाळं फेकायला शिकायचं, ही काकांची कल्पना. सुखदेवभाऊंनी फेकलं ते पाण्यावर पूर्ण गोल उघडलं. मग मी फेकलं. ते पाण्याकडे गेलंच नाही, शेजारी उभ्या असलेल्या रामटेके मॅडमवर जाऊन पडलं.

मी सोडवायला धावलो. मॅडम जाळ्यातूनच म्हणाल्या, "पण गोल छान आला हं!"

*

चिखल्याहून एक निवृत्त खाणकामगार काकांना भेटायला आले होते. चहा पिताना म्हणाले, "पेंटर, तुमचा तो 'थांबा' लिहिलेला बोर्ड होता ना, तो दिसला का पाय आपोआप अटकत होते बापा. घाईत रायलो तरी."

आम्हाला वाटलं, काका लाजतील किंवा नको नको म्हणतील. कसलं काय!

"अटकतीलच ना! दोन दिवस लावले होते त्या कान्याले. 'थांबा' मरतुकडा लिहिला तं कोण थांबते?"

आपल्या कामाची किंमत स्वतःला इतकी स्वच्छ ठाऊक असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या दुकानातून आजवर हजार 'थांबा' गेले असतील, एकावरही मी दोन मिनिटं घालवलेली नाहीत. त्या दिवशी दुकानात जाऊन बसलो तर मशीनचा आवाज ऐकवेना.

*

काका स्वतः रोज काय गिरवायचे? एक आडवी रेघ. अक्षरावरची.

अक्षरं त्यांना जमू लागली होती. डाव्या हाताने काठी आडवी धरायची, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं आणि लिहायचं. पण मोठ्या अक्षरांवरची लांब रेघ टेकून मारता येत नाही. ती अख्ख्या दंडातून, एका दमात यावी लागते. काका रोज शेवटी पानाच्या कोपऱ्यात ती एक रेघ मारायचे आणि त्या वेळी आम्ही तिघं दुसरीकडे पाहायचो. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण पाळायचो सगळे.

एकदा मॅडमनी सवयीने सगळी पानं गोळा केली, लाल पेनाने तपासली आणि त्याच ओघात काकांच्या वाकड्या रेघेखाली 'शाब्बास' लिहून टाकलं. मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पांढराफटक पडला!

काकांनी पान हातात घेतलं, दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, "शाळेत होतो तवा नव्हतं भेटलं."

*

मंडईचा आदला दिवस. माझ्या कॉम्प्युटरवर डिझाइन तयार होतं, बटण दाबायचा अवकाश. तरी मी दुकान बंद ठेवून गेलो. चौकात पिंपळाखाली काकांचा जुना लाकडी बोर्ड पांढरा रंगवून उभा केलेला. मॅडम होत्या, सुखदेवभाऊ होते, अर्धा गाव होता. आणि समोर हाताची घडी घालून अध्यक्ष भाऊराव!

काकांनी सकाळी आठला ब्रश उचलला. गावाचं नाव, मंडई, नाटक, वेळ. काठीवर मनगट टेकवून एकेक अक्षर उतरवत गेले. अकरा वाजता सगळी अक्षरं झाली. राहिली ती सगळ्यांत वरची, गावाच्या नावावरची मोठी रेघ.

काकांनी काठी खाली ठेवली. ब्रश भरला. हवा अशी स्तब्ध की पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. या वेळी आम्ही तिघांनी नजर फिरवली नाही.

रेघ निघाली. अर्ध्यापर्यंत सरळ गेली, एकदम सरळ! मग एका जागी थरथरली, थोडी खाली आली, पुन्हा वर चढली आणि टोकाला पोचली.

 माझ्या खिशात दुकानाची किल्ली होती. भाऊरावांनी माझ्याकडे बघितलं असतं, तर मला उठावं लागलं असतं.

काका दोन पावलं मागे आले. बोर्डाकडे पाहत राहिले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "आज वारं बहुत आहे."

भाऊरावांनी बोर्डाकडे बघितलं. वर पिंपळाकडे बघितलं. मग हाताची घडी सोडली आणि डोक्यावरची टोपी एका हाताने घट्ट दाबून धरली.

"हाव काका, सकाळपासूनच सुटलं आहे. ए सुखदेव, ए प्रमोद, पाहून काय राहिले? बोर्ड दोरीनं कसून बांधा गा, उडून जाईन!"