घरजावयाचं भाडं

लढाई संपली त्या सालची गोष्ट. मेढ्याच्या नाक्यावर सर्व्हिस मोटार उभी, टपावर माझी ट्रंक चढलेली, बायको आत जागा धरून बसलेली, आणि मी अजून आमच्या ओसरीत, आई आणि दाजींच्या मधे अडकलेला.

सांगलीला हळदीच्या वखारीत मला कारकुनी मिळाली होती. आई गाव सोडायला तयार नव्हती आणि तिला एकटीला टाकून जायला माझा पाय निघत नव्हता. म्हणून थोरल्या बहिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं आमच्या मागच्या खोल्यांत राहावं असं ठरलं. दाजी नुकतेच पलटणीतून सुटून आलेले. भावांनी वाटण्या करून त्यांच्यासाठी गोठा तेवढा ठेवला होता.

सगळं जमलं, अडलं ते एका शब्दावर.

"फुकट ऱ्हायलो तर गाव मला घरजावई म्हनंल," दाजी अटेन्शनमध्ये उभे राहून म्हणाले. "भाडं घ्या, न्हाईतर आमी चाललो."

आई जावयाशी थेट बोलत नसे. दाराआडून, पदर ओढून, माझ्याकडं बघत म्हणाली, "सांग त्यास्नी, लेकीच्या घरचं मी पानीबी पीत न्हाई. भाडं कुठलं घेती?"

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं, तरी निरोप्या मी. तिकडं ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला. शेवटी बहीण वैतागली. "तू जा रं. ह्यांचं मी बघती."

तिनं बघितलं ते असं. महिन्याला दाजी भर दिवसा, आळीला दिसेल अशा बेतानं, तांदळाचं टोपलं घेऊन पुढच्या दारानं येत आणि ओसरीत ठेवत. हे भाडं. संध्याकाळी आई तेच टोपलं मधल्या दारानं लेकीच्या चुलीशी नेऊन ठेवी. हा माहेरचा शिधा. मग त्याचाच भात सगळे मिळून जेवत. एवढ्या चालीत तो तांदूळ सांगलीला पोचला असता.

दिवाळीला मी नवा कोट घालून गावी गेलो. शहराचं वारं लागलेलं. ऐटीत विचारलं, "काय दाजी, भाडं टायमावर देता ना?"

दाजींनी मिशीवर हात फिरवला. "आमी देतो की. तू सासऱ्याला काय देतोस रं, गड्या?"

आता सांगायलाच हवं. सांगलीत आम्ही सासऱ्यांच्या माडीवर राहत होतो. फुकट. वर दोन्ही वेळचं जेवण. हा शब्द मलाही लागू पडतो, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई दाराआडून बाहेरच आली. "आगं बया! म्हंजी घरजावई ह्यो व्हय?" आणि जावयासमोर जन्मात पहिल्यांदा खदखदून हसली.

परतल्यावर मी सासऱ्यांपुढं भाडं ठेवलं. "मुलीच्या संसारातलं घेऊ?" म्हणून त्यांनी अबोला धरला. मी तांदळाची युक्ती सुचवली, तर सासूबाई म्हणाल्या, "आणा, पण निवडून आणा." सासऱ्यांचा अबोला मात्र सुटेना, तेव्हा अखेर पलीकडच्या गल्लीत एका परक्या मालकाची खोली घेतली.

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, त्या खोलीत मी केस पांढरे केले. मालक सज्जन. पण पहिल्या महिन्यात मी भाडं पुढं केलं आणि "अहो, असू दे, राहू दे" ऐकायला वेड्यासारखा दारात उभा राहिलो. त्यांनी मुकाट्यानं घेतलं आणि दार लावलं.

तेव्हा कळलं, हे आपलं घर नव्हे.