नखाएवढी निळी पाकोळी

भडगावच्या पोस्टात माझे एक स्नेही काउंटरवर बसतात आणि शिक्का असा मारतात की टेबल हलतं. तोच माणूस रविवारी सकाळी गिरणा नदीकाठच्या बोरीखाली पोटावर पालथा पडलेला असतो, हातात मॅक्रो लेन्सचा कॅमेरा आणि फुलपाखरू वीतभर अंतरावर. स्टँड ते वापरत नाहीत. कोपरं बरगड्यांना टेकवतात, श्वास रोखतात आणि मगच बटण दाबतात. बोलतानाही तसंच, वाक्याच्या मध्येच थांबतात.

बोरीवरचं एक चिमुकलं फुलपाखरू, नखाएवढी निळी पाकोळी, पंख मिटूनच बसते. तिचा पंख उघडलेला फोटो त्यांना दोन हिवाळे मिळाला नव्हता. त्या रविवारी मी सोबत होतो. कोवळ्या उन्हात तिने हळूच पंख उघडले. त्यांनी श्वास रोखला. तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी मागे येऊन थांबली.

"काय देखी राह्यना रे भाऊ?"

त्यांनी बटण दाबलं नाही. सावकाश बाजूला सरकले आणि कॅमेरा तिच्या डोळ्यापुढे धरला. "ये अक्का, देख."

भारा उतरवून ती वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. "येले ते केस शेतस," पाकोळीच्या अंगावरचे केस बघून ती हळूच म्हणाली. मग तिची सावली पानावर पडली आणि पाकोळी उडाली.

"फोटो राहिला की," मी म्हणालो.

"तिनी देखं ना," ते थांबले, "मंग झायं."

त्यांच्या जागी मी असतो, तर आधी बटण दाबलं असतं.