धोंडूबाईचा सौर पंप आणि तेविसावी सही

लांज्याच्या अलीकडे एका वाडीत धोंडूबाई राहते. वय बासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. काजूची चाळीस कलमं तिने कातळाकडेच्या जमिनीत एकटीने जगवली, खालच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी कळशीने वर आणून. यंदा डॉक्टर म्हणाला, ओझं उचलणं बंद. ती म्हणाली, "मग कलमांना काय तुमच्या गोळ्या घालू?"

तेवढ्यात सौर पंपाची योजना आली. सरकार म्हणालं, फक्त अर्ज करा. आता सरकारचं 'फक्त' कुणाला ठाऊक नाही! कोकणातला सातबारा तो. एवढ्याशा तुकड्यावर तिच्याखेरीज तेवीस नावं, आणि प्रत्येकाची संमती हवी.

शिमग्याला मुंबईकर गावी आले. धोंडूबाईने कागद घेऊन घरोघर फिरून बावीस सह्या मिळवल्या. तेविसावा काशीराम, तिचा धाकटा दीर. तो मुंबईला नाही, कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडेच राहतो. फणसाच्या एका फांदीवरून बारा वर्षं बोलत नव्हता. तिने कागद गडग्यावर ठेवला. त्याने त्यावर दगड ठेवला, उडू नये म्हणून. सही काही केली नाही.

देवाची पालखी अंगणात आली तेव्हा धोंडूबाई गावकराच्या, म्हणजे मानकरी हरिश्चंद्राच्या, कानाशी लागली. त्याने वाडीच्या साथीने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, चाकरमान्यांना सुखी ठेव!"

"व्हय महाराजा!"

"पोराबाळांना सांभाळ!"

"व्हय महाराजा!"

"धोंडूबाईच्या पंपाला सगळ्या हिस्सेदारांची सही मिळू दे!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज काशीरामचा. जन्माची सवय, तोंड आधी आणि डोकं मागून. अख्खी वाडी त्याच्याकडे बघायला लागली, आणि तो पालखीकडे.

देवासमोर शब्द गेला तो गेला. सकाळी तो पेन घेऊन आला, सही ठोकली आणि पुढच्या रकान्यावर अडला. 'अर्जदाराशी नाते.'

"हितं काय लिवू?" बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"असेल ते लिवा, भावजी."

त्याने बराच वेळ पेन झटकलं. मग लिहिलं, दीर. "चाय ठेवते," म्हणत धोंडूबाई आत गेली आणि रिकामंच भांडं चुलीवर ठेवून बसली.

पंप बसायला दिवाळी उजाडली. मधल्या उन्हाळाभर कलमांना पाणी कळशीनेच घातलं. कळशी काशीरामच्या खांद्यावर होती.