चहाच्या खोक्यातलं अस्तर

अलिबागच्या वाद्यवृंदात मी, कोळ्याचा पोरगा, इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. ती गांधीलमाशीसारखी गुणगुणायला लागली तेव्हा व्यवस्थापक सगळ्यांदेखत म्हणाले, "मासळीच्या हातांनी असली वाद्यं बिघडणारच. मुंबईहून नवी आणा, नाहीतर खंजिरी घ्या."

माझं डोकंच फिरलं. गिटारीच्या पोटात वायरींभोवती चंदेरी कागदाचं अस्तर दिलं की गुणगुण थांबते, हे मी ऐकलं होतं. वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं, त्याच्या आतला चंदेरी कागद सोलला आणि आकाशकंदिलाला लावतात तशी भाताची खळ लावून तुकडे चिकटवले. गुणगुण तश्शीच!

अंगणात जाळं सांधत बसलेले बाबा म्हणाले, "तुकडं नुसतं शेजारी ठेवलंस. गाठ मारली न्हाय, तर जाळं कसं व्हईल?"

खरंच, मधल्या खळीमुळे तुकडे एकमेकांना भिडलेच नव्हते, मग वीज एकातून दुसऱ्यात जाणार कशी? बाबांनी दाभणाने भोकं पाडली आणि तांब्याच्या बारीक तारेने सगळे तुकडे एकमेकांना बांधले. तारेचं टोक मी आतल्या अर्थिंगच्या वायरीला जोडलं. गिटारीची गुणगुण थांबली.

तालमीत व्यवस्थापक खूश. "आणलीत ना नवी?"

मी गिटार त्यांच्या नाकाशी धरली. "वास घ्या. आतल्या गाठी मासळीच्याच हातांनी मारल्यात."