रिकामा झोका

आमच्या लॅबचे आप्पा कुणावर पटकन विश्वास ठेवत नसत, निर्जीव वस्तूंवर तर मुळीच नाही. कांजूरमार्गच्या आमच्या पोलाद ओतायच्या कारखान्यात ते टेस्टिंगचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली केमिस्ट. स्टेशनबाहेर मासे घेतानाही ते आधी रिकामा तराजू उचलून दाखवायला लावत. मासेवाली करवादायची, "आप्पा, म्हावरं घ्यायचंय का तराजू?" आप्पा हसायचे, पण तराजू बघितल्याशिवाय पिशवी उघडायचे नाहीत.

लॅबमधला मोठा हातोडा हे त्यांचं दैवत. तो झोक्यासारखा उंचावरून सुटायचा, वाटेतला पोलादाचा बोटाएवढा तुकडा मोडायचा आणि पलीकडे वर जायचा. जितका कमी वर जाईल तितकं पोलाद चिवट. पोलादाने किती मार गिळला ते काटा सांगे. रोज सकाळी आप्पा तुकडा न ठेवताच एक झोका सोडत. काटा शून्यावर आला की म्हणत, "हा खरं बोलतोय. आता पोलादाला बोलवा."

भट्टीवरचे राणे त्यांचे जिवलग. दोघांचा डबा एकत्र. राणे छेडायचे, "आप्पानू, वहिनीकपण पयलां शून्यावर आणून बघितलात काय?" आप्पांना ठसका लागायचा.

मग लॅब नव्या शेडमध्ये हलली. हातोड्याच्या दणक्याने शेजारच्या केबिनमध्ये मोठ्या साहेबांचा चहा बशीत सांडू लागला, म्हणून मशीनखाली जाड रबर घालायचा हुकूम आला. आप्पा कुरकुरले. पण दुसऱ्या सकाळी काटा नेमका शून्यावर आला आणि ते गप्प बसले.

काही महिन्यांनी साचे उचलायच्या क्रेनचा आकडा तुटला. आमच्याच कारखान्यात ओतलेला, आमच्याच लॅबने पास केलेला. खाली राणे होते. ते जागेवरच गेले. राण्यांनी जास्त वजन लावलं, असं साहेबांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आप्पा तुटलेला आकडा हातात घेऊन किती वेळ बसले होते. "सुलू, हे काचेसारखं तुटलंय गं." त्याच ओतकामाचे तुकडे शिल्लक होते. एक ठेवून त्यांनी मला हातोडा सोडायला सांगितला आणि स्वतः मशीनच्या बैठकीवर तळहात ठेवला. दणका बसला. "हलतंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. रबरामुळे मशीनच हादरत होतं, आणि त्या हादऱ्यात गेलेला मार काटा पोलादाच्या खात्यात घालत होता. रिकाम्या झोक्यात दणकाच नसतो, मग मशीन हलणार कसं? रबर काढून, मशीन काँक्रीटमध्ये घट्ट बसवून आम्ही उरलेले तुकडे मोडले. सगळे नापास झाले.

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "आप्पा, रबराचं कशाला काढता? राणे तर गेला."

"गेला म्हणूनच काढतो," आप्पा म्हणाले. चौकशीत ते उभे राहिले. "वजन बरोबर होतं. पोलाद ठिसूळ होतं. ते पास मी केलं." रबर कुणाच्या हट्टाने आलं, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. राण्यांवरचा ठपका पुसला गेला आणि आप्पांना राजीनामा द्यावा लागला.

भांडुपला राण्यांच्या घरी मी त्यांच्यासोबत गेले. आप्पांनी राण्यांच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग त्या उठल्या. "मुद्दाम कोण करता काय असा, भावजी? बसा. च्याय घेवन जावा."

आप्पांनी चहाचा कप रिकामा केला. चाळीच्या जिन्यात मात्र ते मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. "शिव्या दिल्या असत्या गं तिने," ते म्हणाले, "तर मी जगलो असतो."

ते गावी निघून गेले. वर्षही झालं नाही तोच ते गेल्याचं कळलं. ही बातमी सांगायला मी भांडुपला गेले; जिन्यातलं त्यांचं बोलणं मात्र मनातच ठेवलं. वहिनींनी माझ्यासमोरच कुंकवाविना उघड्या कपाळावर हात मारून घेतला. "मी त्यांका च्याय दिलंय," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी त्यांका काय एक बोलाक नाय."