आजारी दिसण्यासाठी

१४ मार्च, जयपूर. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. अंगात त्राण नव्हतं.

मला ल्युपस आहे, शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज तपासणीला गेले तर जवळच्या बस्सी गावची सुनीता भेटली. तिलाही हाच आजार, आणि ती बांधकामावर मजुरी करते. पाय सुजून टम्म झाले होते. डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं. मूत्रपिंडं बिघडलीत, जिवाला धोका आहे. तिने गोळ्याच बंद केल्या होत्या.

“क्यों छोड़ी?” मी विचारलं.

“दीदी, गोली से मुँह फूल गया था. सास बोली, काहे की बीमार? गाल देखो, लड्डू हो रही है! मैंने सोचा, दुबली दिखूँगी तो मान जाएगी.”

सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही.

त्याच गोळ्यांनी माझाही चेहरा सुजला होता. तेव्हा ऑफिसने न मागता रजा दिली, सासूबाईंनी मला ओट्याशी उभं राहू दिलं नाही. माझ्यावर सगळ्यांनी विश्वास का ठेवला? माझे तपासणीचे कागद इंग्रजीत होते म्हणून?

तिच्या घरच्या गोष्टीत मी पडावं का? तुम्ही पडला असता?

उद्या तिची सासू येणार आहे. उद्याचं काम: सुजलेल्या चेहऱ्याचा माझा जुना फोटो घेऊन वॉर्डात जाणं.